इस्तंबूलची पायी खाद्यफेरी: गाईड निवडण्यापासून शेवटच्या घासापर्यंत

इस्तंबूलला चार-पाच दिवस जाणार असाल, तर गाईडसोबतची खाद्यफेरी पहिल्याच दिवशी घ्या. बहुतेक लोक ती शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात, जेवणानंतरच्या विड्यासारखी. आम्हीही तेच केलं. मी आणि आई, दोघीच गेलो होतो. आई शुद्ध शाकाहारी, मी मासे-मटण खाते पण बीफ नाही. चार दिवस आम्ही सुलतानअहमत या पर्यटकांच्या भागाच्या आसपास, दारात उभं राहून फोटोंचं मेनूकार्ड पुढे करणाऱ्या हॉटेलांत महाग आणि मिळमिळीत जेवलो. पाचव्या दिवशी गाईडने एका खाणावळीकडे बोट दाखवलं, तर ती आमच्या मुक्कामापासून सात मिनिटांवर. रोज ट्रामला जाताना तिच्यासमोरूनच जात होतो. काचेमागची वाफाळती पातेली दिसायची, पण आत जाऊन मागायचं काय आणि कसं, ते ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक करून घेण्यासाठी ही फेरी घ्यायची. त्या पाच-सहा तासांत पोट भरतंच, पण पैसे वसूल होतात ते पुढच्या दिवसांत, तुम्ही एकटे बाहेर पडता तेव्हा. खाली लिहिलेलं सगळं या हिशेबाने वाचा.

आधी फेरी कुठली ते ठरवा

इस्तंबूलच्या खाद्यफेऱ्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या असतात. एक जुन्या शहरातली: एमिन्योन्यूचा धक्का, मसाला बाजार, त्यामागचा ताहताकालेचा घाऊक बाजार, आणि वर सुलेमानिये मशिदीपर्यंत. दुसरी दोन खंडांची: सकाळ युरोपच्या बाजूला, मग बोटीने आशियाच्या बाजूला कादिक्यॉयला. तिसरी संध्याकाळची, बेयोलूतल्या मेहाने म्हणजे मद्यघरांतली, जिथे रकी या बडीशेपेच्या वासाच्या दारूच्या ग्लासासोबत छोट्या-छोट्या बशा येत राहतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन खंडांची घ्यावी. बोटीचा प्रवास मध्ये येतो, त्यामुळे पाय आणि पोट दोन्हींना वीस मिनिटं विश्रांती मिळते. शिवाय कादिक्यॉयचा बाजार स्थानिक लोकांचा आहे, तिथे भाज्या, लोणची, चीज, ऑलिव्ह यांचीच चलती, म्हणून शाकाहाऱ्याचे हाल होत नाहीत. मेहानेची फेरी मजेची असते, पण ती जेवणाची मैफल आहे, शिकवणी नव्हे.

नोंदणी करण्याआधी चार गोष्टी लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गटात जास्तीत जास्त किती माणसं? आठ-दहाच्या पुढे गेलं की टपरीसमोर निम्मे लोक रस्त्यावर आणि गाईडचं बोलणं पहिल्या चौघांनाच ऐकू येतं. खाणं-पिणं सगळं किमतीत धरलंय का? बोटीचं तिकीट धरलंय का? आणि एकूण चालणं किती, चढ किती? ‘मोफत टूर’ म्हणून जाहिरात असेल तर ती शेवटी बक्षिशीवर चालते आणि खाण्याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे पडतात, हे आधीच समजून जा.

गाईडचा परवाना नक्की बघा. तुर्कस्तानात पर्यटक गाईडचं काम करायला संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो. त्यासाठी २०१२ साली ६३२६ क्रमांकाचा स्वतंत्र कायदाच झाला. परवाना असलेल्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, त्याला तिथे ‘कोकार्त’ म्हणतात. परवाना आहे म्हणून माणूस खाण्यातला जाणकार असेलच असं नाही, पण नसेल तर वाटेत तपासणी झाल्यावर फेरी अर्ध्यावर मोडू शकते.

किमतीबद्दल एकच सांगते. फेऱ्यांचे दर बहुधा युरो किंवा डॉलरमध्ये असतात, आणि बाजारातले भाव लिरामध्ये. लिराची घसरण गेली काही वर्षं इतकी जोरात आहे की दोन वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनातला सिमितचा (तिळाच्या पावाच्या कड्याचा) भाव आज वाचून काही उपयोग नाही.

शाकाहार, बीफ आणि ‘एत सुयू’

या भागावर जरा थांबते, कारण आपल्या लोकांची गाडी इथेच अडते.

तुर्की भाषेत ‘एत’ म्हणजे मांस, पण बोलीत तो शब्द बऱ्याचदा फक्त बीफ-मटणापुरता असतो. ‘एत येमियोरूम’, मी मांस खात नाही, असं सांगितलं की समोरचा अत्यंत प्रेमाने चिकन सुचवतो. म्हणून तीनही नावं घ्या: एत, तावुक (चिकन), बालिक (मासा). फेरीची नोंदणी करताना नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नका. मांस, चिकन, मासे, आणि मांसाचं पाणी घातलेलं सूप किंवा भातही चालत नाही, असं सविस्तर लिहा. अंडं चालतं की नाही तेही लिहा.

मांसाच्या पाण्याला ‘एत सुयू’ म्हणतात. आमच्या फेरीत दुसऱ्याच थांब्यावर मसुराचं सूप आलं, मेरजिमेक चोरबासी. पिवळं-केशरी, वर लोण्यात परतलेल्या लाल मिरचीचा ओघळ, बाजूला लिंबाची फोड. आईने लिंबू पिळलं, दोन चमचे घेतले, म्हणाली, “आपली आमटीच की गं, फोडणी तेवढी उशिरा घातलीय.” तिसरा चमचा उचलला तेवढ्यात गाईडला आठवण झाली. तो आत जाऊन विचारून आला आणि त्याचा चेहराच सांगत होता. मसूर मांसाच्या पाण्यात शिजवलेली होती. आईने चमचा शांतपणे बशीत ठेवला. त्या दिवशी ती चिडली नाही, पण पुढच्या प्रत्येक दुकानात तिने खाण्याआधी स्वतः विचारलं. चूक गाईडची होती हे खरं, तरी मीही नोंदणी करताना ‘एत सुयू’ हे दोन शब्द लिहिले नव्हते.

तर हे वाक्य पाठच करा: ‘इचिंदे एत सुयू वार मी?’ यात मांसाचं पाणी आहे का? मान वर करून जिभेने ‘च्’ केलं तर अर्थ ‘नाही’. आपल्याला तो आवाज हळहळीचा वाटतो. तिथे तो साधा नकार असतो.

नावावर जाऊ नका. ‘चीय क्योफ्ते’चा शब्दशः अर्थ कच्च्या मांसाचे गोळे, आणि मुळात ते तसेच होते. पण आज गल्लोगल्लीच्या दुकानांत मिळणारं चीय क्योफ्ते दलिया, टोमॅटो-मिरचीची पेस्ट आणि मसाले तिंबून केलेलं असतं, त्यात मांस नसतं. सॅलडच्या पानात गुंडाळून, वर डाळिंबाचं आंबट सरबत ओतून देतात. उलट ‘तावुक ग्योसू’ म्हणजे दिसायला पांढरीशुभ्र दुधाची खीर, वर दालचिनी भुरभुरलेली. तिच्यात कोंबडीच्या छातीचं मांस तंतू-तंतू करून घोटलेलं असतं. ‘काझानदिबी’ या खरपूस तळाच्या खिरीतही ते असू शकतं. विचारल्याशिवाय चमचा लावू नका.

हक्काचं काय, तर ‘झेतिनयाली’ पदार्थ. ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार किंवा कोमट वाढलेल्या भाज्या: फरसबी, लाल ठिपक्यांचा घेवडा, आर्टिचोक, वांगी. वांग्याच्या एका पदार्थाचं नाव ‘इमाम बायिल्दी’, म्हणजे इमामसाहेबांची शुद्ध हरपली. चवीने हरपली की त्यात जिरलेलं तेल बघून, यावर अजून एकमत नाही. द्राक्षाच्या पानात भात, मनुका, चिलगोजे भरून केलेल्या बिनमांसाच्या गुंडाळ्यांना ‘यालांजी दोल्मा’ म्हणतात. यालांजी म्हणजे खोटारडा. मांस नाही तर तो दोल्मा कसला, असा त्यामागचा भाव. शाकाहाऱ्यांनी हा खोटारडा शोधत फिरावं.

बीफ टाळणाऱ्यांसाठी: ‘दाना’ आणि ‘सियिर’ म्हणजे वासरू-गाय, ‘कुझू’ म्हणजे कोकरू, ‘कोयून’ म्हणजे मेंढी. क्योफ्ते आणि एत द्योनेर (उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस) यांत बहुतेक वेळा दाना असतंच, निदान मिसळलेलं. ‘तावुक द्योनेर’ सुरक्षित. कांदा-लसूणही वर्ज्य असणाऱ्यांना मात्र खरं सांगायचं तर ताटभर फेरी मिळणार नाही. पाव, चीज, ऑलिव्ह, फळं, सुकामेवा, मिठाया एवढ्यावर दिवस निघतो. गाईडला आधी कळवलं तर तो थांबे बदलून देतो. चीज जमवायला प्राण्यांचं रेनेट (वासरा-कोकराच्या जठरातला दूध जमवणारा रस) वापरलेलं असू शकतं, एवढं काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दिवस, वेळ, बूट

रविवार टाळा. ग्रँड बझार बंद असतो आणि ताहताकालेतली बरीच घाऊक दुकानंही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदींभोवती गर्दी होते, गाईडला वाट बदलावी लागते. रमजानमध्ये दिवसा काही छोट्या खाणावळी बंद असतात, पण संध्याकाळी ताज्या पावाच्या रांगा आणि दुधात भिजवलेलं ‘ग्युल्लाच’ हे पक्वान्न मुख्यतः तेव्हाच बघायला मिळतं. फेरी संध्याकाळची मिळत असेल तर मी उलट रमजानच निवडेन.

सकाळी हॉटेलचा नाश्ता फुकट आहे म्हणून हाणू नका. एक कप चहा पुरे. शहर टेकड्यांवर वसलेलं, गल्ल्या दगडी, पावसात निसरड्या. जुने, पायाला सरावलेले बूट घाला. मशिदीत डोकावायचं असेल तर बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटली घ्यायची. टपऱ्यांसाठी सुट्या लिरांच्या नोटा ठेवा. ट्राम आणि बोटीसाठी ‘इस्तंबूलकार्त’ घ्या. एकच कार्ड दोघांत आळीपाळीने चालतं. स्वच्छतागृह दिसलं की जाऊन या, पुढचं कधी येईल सांगता येत नाही. मोठ्या मशिदींजवळ हमखास असतं, थोडे पैसे पडतात.

प्रत्यक्ष चालताना: एमिन्योन्यू

फेरी बहुधा साडेनऊच्या सुमारास एमिन्योन्यूला सुरू होते. पहिला घास सिमितचा. तिळाने मढलेलं पावाचं कडं, लाल गाडीवर रचून ठेवलेलं. भाजण्याआधी ते ‘पेकमेझ’च्या पाण्यात बुडवतात, पेकमेझ म्हणजे द्राक्षांची काकवी. त्या काकवीने त्याला तांबूस रंग येतो आणि तीळ चिकटून बसतात. अर्धंच खा. मी पूर्ण खाल्लं होतं आणि तिसऱ्या थांब्याला पस्तावले.

सोबत चहा. नाव आपलंच, ‘चाय’, पण दूध नाही, आलं नाही. दोन मजली किटलीत वर कडक अर्क, खाली उकळतं पाणी. बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यात अर्क ओतून पाणी घालतात. फिका हवा तर ‘आचिक’, कडक हवा तर ‘कोयू’ म्हणा. पेला कडेला धरायचा, कंबर धरली की बोटं भाजतात.

तिथून मसाला बाजार, मिसिर चार्शिसी. नावाचा अर्थ इजिप्तचा बाजार. १६६० च्या दशकात, शेजारच्या येनी जामी मशिदीचा खर्च दुकानांच्या भाड्यातून भागावा म्हणून तो बांधला. इंग्रजी एलसारखी काटकोनात वळलेली इमारत, आत कमानींखाली दुकानांच्या रांगा. आत जा, छत बघा, वास घ्या, पण पाकीट खिशातच ठेवा. मसाल्यांच्या त्या शंकूंत एका पिवळ्याजर्द ढिगावर ‘हिंत साफ्रानी’, म्हणजे ‘हिंदुस्थानी केशर’, अशी पाटी असते. ती आपली हळद. आईने चिमूट उचलून हुंगली आणि दुकानदाराकडे अशी बघितली की तो स्वतःच हसला. स्वस्त ‘केशर’ म्हणून करडईच्या पाकळ्याही असतात. हळद आणि करडई घ्यायला इतक्या लांब कशाला जायचं?

खरी फेरी बाजाराच्या पश्चिमेच्या दारातून बाहेर पडल्यावर सुरू होते. हसिरजिलार जाद्देसी, म्हणजे चटईवाल्यांची गल्ली. आता चटया नाहीत. चीज, ऑलिव्ह, पास्तिर्मा (मसाला लावून वाळवलेलं मांस), सुकामेवा, मधाची पोळी. इथे गाईडची कसोटी लागते. चांगला गाईड प्रत्येक दुकानात दोनच गोष्टी चाखवतो आणि त्यांतला फरक सांगतो: हे चीज मेंढीच्या दुधाचं, हे गाईचं; हे सहा महिने मुरलेलं, हे ताजं. चीजला तिथे ‘पेयनिर’ म्हणतात, आपलं पनीर. भात तो ‘पिलाव’, सूप ते ‘चोरबा’, बदाम तो ‘बादेम’, आणि डोक्यावर-पाठीवर बोजा घेऊन “वाट द्या” ओरडत येणारा माणूस तो ‘हमाल’. त्याची हाक कानावर पडली की बाजूला व्हा, तो थांबत नाही.

गल्लीच्या सुरुवातीला, ताहमिस सोकाकच्या कोपऱ्यावर, कॉफीचा वास तुम्हाला आधी गाठतो आणि रांग नंतर दिसते. कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी, १८७१ पासूनचं दुकान. ‘ताहमिस’चा अर्थच कॉफी भाजणं. कागदाच्या पुडीत बांधलेली ताजी पूड घ्या. पीठ वाटावं इतकी बारीक दळलेली असते, घरच्या फिल्टरला ती चालणार नाही, छोट्या जेझ्वेतच, म्हणजे लांब दांड्याच्या भांड्यात, उकळावी लागते. कॉफीघरांचा जन्मही इथलाच म्हणा: १५५० च्या दशकात अलेप्पो आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी ताहताकालेत पहिली कॉफीघरं उघडली, असं सतराव्या शतकातल्या पेचेवी या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पुढे १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने ती बंद पाडली. लोक कॉफी पिता-पिता राजकारण बोलत होते, हा खरा राग.

कॉफी मागताना साखर आधी सांगायची, कारण ती उकळतानाच घालतात: ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘ओर्ता’ मध्यम. वर फेस हवा, खाली गाळ बसू द्यायचा, आणि गाळ प्यायचा नाही. माझ्या शेजारच्या पर्यटकाने ढवळून घोट घेतला आणि पुढची दहा मिनिटं दातांवरून जीभ फिरवत बसला. २०१३ साली या कॉफीच्या परंपरेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

वाटेत रुस्तेम पाशा मशिदीचा जिना दिसतो, दुकानांच्या मध्ये चिंचोळा, चुकून सुटेल असा. मशीद दुकानांच्या डोक्यावर बांधलीय. आतल्या, इझ्निक या गावच्या निळ्या-लाल फरशा बघायला पाच मिनिटं मागून घ्या. बरेच गाईड खाण्याच्या नादात ती वगळतात.

मासा आणि लोणच्याचं पाणी

गलाटा पुलाशी ‘बालिक एकमेक’, म्हणजे मासा-पाव. मासा बहुधा उस्कुमरू, आपल्या बांगड्याचा भाऊबंद. तव्यावर शेकून, पावात कांदा-सॅलडसोबत. बांगडा खात वाढलेल्या माणसाला त्यात मसाला कुठे राहिला असं वाटणारच. लिंबू पिळा आणि काटे बघून खा. दोघांत एक पुरतो.

शेजारी ‘तुर्शू सुयू’, लोणच्याचं पाणी, पेल्यात कोबी-काकडीचे तुकडे टाकून, बिटाने जांभळं झालेलं. तुर्शू म्हणजे मिठाच्या पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या भाज्या. तेल नाही, मोहरी नाही, त्याला लोणचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण माशानंतर ते आंबट पाणी घशाखाली गेलं की पोट पुन्हा तयार होतं. इथल्या खाण्यात त्याची जागा आपल्या सोलकढीची आहे.

बोट

एमिन्योन्यू ते कादिक्यॉय, साधारण वीस मिनिटं. बाहेरच्या बाकावर बसा. मागे मशिदींचे घुमट, पुढे आशियाचा किनारा, आणि उरलेलं सिमित हवेत धरलं की समुद्रपक्षी झडप घालतात. चहावाला ट्रे घेऊन फिरतो. याच वीस मिनिटांत वही काढा आणि आतापर्यंत आवडलेल्याची नावं गाईडकडून लिहून घ्या. संध्याकाळी ती आठवत नाहीत.

कादिक्यॉय म्हणजे प्राचीन चाल्सेडॉन. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने नोंदवलेली गोष्ट अशी: पर्शियन सेनापती मेगाबाझसला कळलं की समोरच्या किनाऱ्यावर बायझेंटियम (आजच्या इस्तंबूलचं मूळ शहर) वसायच्या सतरा वर्षं आधी लोकांनी इथे वस्ती केली. तो म्हणाला, मग ते आंधळे असणार, नाहीतर समोर इतकी छान जागा सोडून इथे कोण राहील? कादिक्यॉयच्या बाजारातून पोट धरून बाहेर पडल्यावर मला मेगाबाझसचं पटेनासं झालं.

कादिक्यॉयचा बाजार

इथे घाई करू नका. फेरीतला सगळ्यात चांगला तास हाच. धक्क्यावरून पाच-सात मिनिटांत मासळीबाजार लागतो: लाल रंगाच्या गोल परातींत मासे मांडलेले, कल्ले उलटून वर काढलेले, म्हणजे ताजेपणा दिसावा. आपल्याकडे कल्ला आपण उघडून बघतो, इथे तो आधीच उघडून ठेवतात. मग लोणच्यांची दुकानं, ज्यांत बरण्यांच्या भिंतीमधून ऊन आत येतं. मग ‘कायमाक’: म्हशीच्या दुधाची जाड साय, गुंडाळी करून ठेवलेली, वर मध. गरम पावाच्या तुकड्यावर लावून तोंडात टाकली. आई बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, “साय विरजणाला लावायची असते असं आपल्याला कोणी शिकवलं?”

जेवणाचा मुख्य थांबा बहुधा इथेच असतो, एखाद्या ‘लोकांता’त. हा शब्द नीट लक्षात ठेवा. ‘एस्नाफ लोकांता’ म्हणजे दुकानदार-कारागिरांची खाणावळ. काचेमागे दहा-पंधरा पातेली. बोट दाखवायचं, ते वाढतात. ग्युनेश्ली बाहचे गल्लीतलं ‘चिया’ हे १९८७ पासूनचं नावाजलेलं ठिकाण. अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, कानाकोपऱ्यातले, विसरत चाललेले पदार्थ तिथे हंगामाप्रमाणे बदलत असतात. गार झेतिनयाली वेगळ्या मांडलेल्या असतात, शाकाहाऱ्याने आधी तिकडे वळावं. गाईडला इथे कामाला लावा: प्रत्येक पातेल्याचं नाव, त्यात काय, ‘यारिम पोर्सियोन’ म्हणजे अर्धी थाळी कशी मागायची. उद्या तुम्ही एकटे याल तेव्हा हेच लागणार आहे.

तिखट-धीट लोकांसाठी ‘कोकोरेच’ (कोकराची आतडी, निखाऱ्यावर फिरवत भाजलेली) आणि ‘मिद्ये दोल्मा’ (शिंपल्यात भरलेला भात, लिंबू पिळून). शिंपले मी गर्दीच्या, माल भराभर संपणाऱ्या दुकानातच खाल्ले. उन्हात ट्रे घेऊन उभ्या असलेल्याकडून घेऊ नका.

शेवटी गोड. लोकुम म्हणजे टर्किश डिलाइट. अस्सल लोकुम साखर आणि स्टार्चचं, त्यात जिलेटिन नसतं. अली मुहिद्दीन हाजी बेकिर हे १७७७ पासूनचं घराणं, त्यांचं दुकान कादिक्यॉयलाही आहे. गुलाबाचं घ्या किंवा पिस्त्याचं. फळांचे भडक रंग सोडून द्या. बकलावा बघताना कान लावा: काटा टोचल्यावर पदर चुरचुरले पाहिजेत, पाकात बसकण मारलेला बकलावा शिळा. तुकडा उलटा करून, पाक मुरलेला तळ टाळूला लागेल असा खा, असं तिथले लोक सांगतात. मी दोन्ही तऱ्हांनी खाऊन बघितला. उलटा बरा लागतो.

बक्षिशीबद्दल: हॉटेलांत दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. गाईडला फेरी आवडली तर शेवटी रोख द्या. टपरीवाल्याला गरज नाही, सुटे परत घेतले नाहीत तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी, गाईडशिवाय

दुपारी सुलेमानिये. १५५७ मध्ये सिनान या वास्तुकाराने पुरी केलेली मशीद. तिच्या आवारात मदरसे, दवाखाना आणि गोरगरिबांना जेवू घालणारं मुदपाकखानाही होता. समोरच्या मदरशांच्या ओवऱ्यांत आज ‘कुरू फासुल्ये’ची दुकानं आहेत: पांढऱ्या घेवड्याची दाटसर उसळ, लोण्याचा तवंग, सोबत पिलाव, कच्चा कांदा, तुर्शू. काही ठिकाणी मांस घालतात, काही ठिकाणी नाही. पाठ केलेलं वाक्य इथे बाहेर काढा.

तिथून दहा मिनिटं खाली चालत गेलं की वेफा बोझाजिसी, १८७६ सालचं. बोझा म्हणजे धान्य आंबवून केलेलं दाट, पिवळसर पेय, चमच्याने खायचं, वर दालचिनी. समोरच्या दुकानातून ‘लेबलेबी’ घेऊन त्यावर टाकतात. लेबलेबी म्हणजे फुटाणे. भिंतीवर, तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याने १९३७ मध्ये वापरलेला पेला जपून ठेवलाय. ते मूळचं थंडीतलं पेय, मे महिन्यात जाऊन त्याला नावं ठेवू नका. आईने एक चमचा घेतला, फुटाणा चावला, म्हणाली, “आंबील आहे ही. मिठाऐवजी साखर पडलीय.”

आमचा परतीचा दिवस होता. सात मिनिटांवरच्या त्या लोकांतात आम्ही शेवटचं जेवलो. आई काचेपुढे उभी राहिली, फरसबीकडे बोट दाखवलं आणि घोटून ठेवल्यासारखं विचारलं, “इचिंदे एत सुयू वार मी?” पांढऱ्या टोपीतल्या आचाऱ्याने मान वर करून ‘च्’ केलं. मग तिच्याकडे नीट बघितलं, पलीकडच्या पातेल्यातला वांग्याचा एक डाव न मागता तिच्या ताटात घातला, आणि पुन्हा एकदा ‘च्’ केलं.